वांड पोराची नोंद कोण घेणार?

गावच्या शाळा व्यवस्थापन समितीची बैठक आपण कधी ना कधी पाहिली असेल. वर्गखोलीचा गळका पत्रा, पोषण आहाराचा तांदूळ, संडासचं पाणी, संरक्षक भिंत, यावर तास-दीड तास चर्चा होते. त्यात चूक काही नाही. पण बैठक उठता उठता कोणीतरी म्हणतो, "गुरुजी, अमक्याचं पोरगं लई वांड झालंय. दोन ठेवून द्या, वठणीवर येईल." सगळे हसतात आणि चपला घालून बाहेर पडतात. पत्र्याची नोंद इतिवृत्तात होते, पोराची होत नाही. या लेखाचं म्हणणं एवढंच आहे, की त्या पोराचीही नोंद व्हायला हवी, आणि ती गावानंच करायला हवी. कारण ती नोंद पुण्या-मुंबईचा डॉक्टर करू शकत नाही.

पेठ वडगाव हे बाजाराचं गाव. भादोले, लाटवडे, किणी, अंबप, मिणचे अशा आजूबाजूच्या गावांतून माणसं इथं येतात. बाजारात जनावर घेताना आपण काय पाहतो? दात पाहतो, चाल पाहतो, आणि धन्याला विचारतो, "चारा खातंय का? कुठं बुजतंय का?" नुसतं बाजारात उभं असलेलं जनावर पाहून कोणी पैसे मोजत नाही. रोज त्याच्यासोबत असणाऱ्याला जे ठाऊक असतं, ते पाच मिनिटं पाहणाऱ्याला कळत नाही, हे शेतकऱ्याला शिकवायला नको. पोराच्या बाबतीत मात्र आपण हे विसरतो.

हे पोरगं ओळखायचं कसं?

प्रत्येक पोर चंचल असतं. सात वर्षांचं पोर शांत बसलं तर आईला काळजी वाटते. तेव्हा खोड्या काढणाऱ्या प्रत्येक पोराला आजारी ठरवायचं, असं इथं कोणी म्हणत नाही. पण काही मुलं वेगळीच असतात. गणिताची चार उदाहरणं घातली तर दीड सोडवून उठतात. पाटी, पेन, दप्तर, टोपी रोज कुठंतरी विसरतात. प्रश्न पुरा व्हायच्या आत उत्तर ओरडतात. रांगेत आपली पाळी येईपर्यंत थांबवत नाही. दुकानातून मीठ आणायला पाठवावं, तर वाटेत गोट्या दिसतात आणि मीठ राहतं. पायाला भिंगरी लावल्यासारखी ही मुलं दिवसभर फिरत असतात. गंमत अशी, की आवडीचं काम असेल, म्हणजे बंद पडलेला रेडिओ खोलायचा असेल, तर हीच मुलं दोन-दोन तास मान वर करत नाहीत. म्हणून घरचे म्हणतात, "मुद्दाम करतंय. मनात आणलं तर जमतं त्याला."

दुसरा प्रकार याहून फसवा आहे. ही मुलं दंगा करत नाहीत. खिडकीजवळ बसून बाहेर बघत राहतात, नाव दोनदा पुकारल्यावर दचकतात, वही अर्धी लिहितात. मुलींमध्ये हा प्रकार जास्त दिसतो. त्या कोणाला त्रास देत नाहीत, म्हणून त्यांच्याकडे कोणी बघत नाही. "मठ्ठ आहे" म्हणून सातवी-आठवीत शाळा सुटते आणि पुढं काय होतं ते आपल्याला माहीत आहे.

या अवस्थेला वैद्यकशास्त्रात एडीएचडी म्हणतात. मराठीत आपण अतिचंचलता म्हणू. जगभरात शंभरातल्या साधारण पाच मुलांत ती आढळते, असं मानलं जातं. हा फॉरेनचा आजार आहे असंही कोणी समजू नये. तमिळनाडूतल्या कोइमतूर इथं प्राथमिक शाळेच्या ७७० मुलांची पाहणी झाली होती. २०१३ साली ती प्रसिद्ध झाली, तेव्हा ११ टक्क्यांहून जास्त मुलांत ही लक्षणं निघाली. गणित साधं आहे. शंभर पटाच्या आपल्या शाळेत अशी चार-पाच मुलं असणारच. त्यांची नावं गुरुजींना पाठ असतात, कारण रोज ओरडा त्यांनाच बसतो.

मूळ कुठं आहे ते बघा

उसाला हुमणी लागली की पानं पिवळी पडतात. नवशिका शेतकरी वरून युरिया टाकत राहतो. जाणता शेतकरी बेट उपटून मुळाशी बघतो. पोराच्या बाबतीतही मूळ बघायला हवं.

आपल्या मेंदूचा पुढचा भाग ब्रेकचं काम करतो. "थांब, आधी हे पुरं कर, मग उठ," हे तो सांगतो. अतिचंचल मुलांत हा ब्रेक उशिरा तयार होतो. अमेरिकेतल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेनं २००७ साली अशा मुलांच्या मेंदूची चित्रं तपासली, तेव्हा मेंदूच्या बाहेरच्या थराची वाढ इतर मुलांपेक्षा सरासरी तीन वर्षं मागे असल्याचं दिसलं. वाढ होते, पण उशिरा होते. दहा वर्षांच्या पोराकडून आपण दहा वर्षांच्या समजुतीची अपेक्षा धरतो आणि त्याच्या डोक्यातला ब्रेक अजून लहान पोराचा असतो. छडीनं तो लवकर वाढत नाही.

यात हुशारीचा संबंध नाही. ही मुलं मंद नसतात. लाडानं बिघडलेलीही नसतात. मोबाईलनं झोप मोडते आणि लक्ष आणखी उडतं, म्हणून तो आवरायलाच हवा. पण अतिचंचलता मोबाईलपेक्षा कितीतरी जुनी आहे. लंडनचे डॉक्टर जॉर्ज स्टिल यांनी १९०२ साली अशाच मुलांवर व्याख्यानं दिली होती. तेव्हा मोबाईल सोडा, रेडिओसुद्धा घराघरात पोचला नव्हता.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे ही गोष्ट फार मोठ्या प्रमाणात रक्तातून येते. घरात एकाला असेल तर दुसऱ्याला असण्याची शक्यता वाढते. "ह्याचा बा पण असाच होता," असं आजी म्हणते, ते बऱ्याचदा खरं असतं. तरीही आपल्याकडे बोल लावला जातो तो आईला. "सुनेला पोर सांभाळता येत नाही" हे वाक्य किती घरांत रोज ऐकू येतं! एकतर पोरानं दिवसभर जीव नकोसा केलेला, वरून सासरची बोलणी. त्या बाईचा यात काडीचा दोष नाही, हे घरातल्या कर्त्या माणसानं एकदा तोंडानं म्हणावं. औषधाआधीचं औषध तेच आहे.

तपासणीच्या दिवशी पोरगं गप्प

आता सरकारी बाजू पाहू. फेब्रुवारी २०१३ मध्ये राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला. त्याचा प्रारंभ आपल्याच राज्यात, पालघरला झाला. जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी करणारा हा कार्यक्रम आहे. डॉक्टरांचं फिरतं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी व अनुदानित शाळेत वर्षातून एकदा येतं. जन्मजात व्यंग, रक्तक्षय, हृदयाचा दोष, ऐकू न येणं अशा सुमारे तीस बाबी त्यांच्या यादीत आहेत. आणि त्या यादीत अतिचंचलता नावानिशी आहे. म्हणजे या पोराची दखल घ्यायची, हे सरकारनं कागदावर कधीच मान्य केलं आहे.

मग नावं का निघत नाहीत? कारण साधं आहे. एका दिवसात पथकापुढं ढीगभर मुलं येतात. वजन, उंची, डोळे, दात, जीभ बघून पुढचं मूल. अतिचंचलता स्टेथोस्कोपला लागत नाही. तिची रक्ताची तपासणी नाही, एक्स-रे नाही, स्कॅन नाही. त्यात हे पोरगं नवीन माणसासमोर, नवीन जागी बऱ्याचदा गप्प उभं राहतं. रोज वर्ग डोक्यावर घेणारं पोर त्या दिवशी सभ्य दिसतं. डॉक्टर लिहितात, ठीक आहे. गुरुजी मनात म्हणतात, "आता काय बोलायचं?" आणि पथकाची गाडी पुढच्या गावाला जाते.

इथंच गावाचं काम सुरू होतं. निदान डॉक्टरच करतील, पण ते करतात ते पोराला रोज पाहणाऱ्यांच्या सांगण्यावरून. डॉक्टरांच्या कसोट्या अशा आहेत, की लक्षणं किमान सहा महिने दिसायला हवीत, बारा वर्षांच्या आत सुरू झालेली असावीत, आणि एकाच ठिकाणी न दिसता घर, शाळा अशा किमान दोन ठिकाणी दिसावीत. ही तीनही उत्तरं फक्त गावाकडं असतात. फक्त शाळेत दंगा आणि घरी शांत, तर कदाचित दोष शाळेतल्या कशात तरी असेल. फक्त घरी दंगा, तर घरातलं काही असेल.

म्हणून सूचना अशी, की पथक यायच्या महिनाभर आधी प्रत्येक वर्गशिक्षकानं अशा मुलांची एकेक पानाची नोंद करावी. त्यात शेरा नको, "उनाड आहे", "लक्ष देत नाही" असं नको. काय घडलं ते लिहावं. "सोमवारी तिसऱ्या तासाला दहा मिनिटांत पाच वेळा उठला. चारपैकी एक उदाहरण केलं. दप्तर दोनदा विसरला." असं लिहावं. आई किंवा आजीला बोलावून घरचं विचारावं. लहानपणी अंगणवाडीत कसा होता ते सेविकाताईंना विचारावं. हे पान पथकाच्या डॉक्टरांच्या हातात ठेवावं. याला खर्च एका कागदाचा आहे.

खासगी इंग्रजी माध्यमाच्या शाळांत मुलं घालणाऱ्या पालकांनीही ध्यानात घ्यावं, की हे पथक विनाअनुदानित शाळेत जात नाही. तिथं नोंद आणि पुढची धावपळ पालकांनाच करावी लागेल.

पुढं जायचं कुठं?

पथकानं चिठ्ठी दिली की मूल जिल्हा पातळीवरच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडं जातं. पथकाची वाट बघायची नसेल तर बालरोगतज्ज्ञ किंवा मानसोपचारतज्ज्ञांकडे थेट जाता येतं. कोल्हापूरला सीपीआरमध्ये मानसोपचार विभाग आहे. आधी फोनवर विचारायचं असेल तर ऑक्टोबर २०२२ पासून सरकारची 'टेलि-मानस' सेवा सुरू आहे. क्रमांक १४४१६. फोन फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं. मानसोपचार म्हटलं की "आमचं पोर काय येडं हाय का?" असा प्रश्न येतो. येडं नाही. डोळ्याला चष्मा लागला म्हणून कोणी आंधळा होत नाही, तसंच हे आहे.

डॉक्टर आधी दुसरी कारणं तपासतात. पोराला कमी ऐकू येतंय का, फळ्यावरचं दिसतंय का, रक्त कमी आहे का, झोप पुरी होते का, क्षणभर शून्यात बघण्याचे फिट्सचे झटके येतात का, घरात दारू-मारहाण आहे का. यातलं काही निघालं तर इलाज वेगळा. अतिचंचलता ठरली तर सहा वर्षांच्या आतल्या मुलांत आधी आई-बापांना वागणुकीचं शिक्षण दिलं जातं. मोठ्या मुलांत गरजेप्रमाणे औषध आणि वागणुकीचे उपाय जोडीनं चालतात. अमेरिकेत ५७९ मुलांवरचा एक मोठा अभ्यास १९९९ साली प्रसिद्ध झाला. नीट देखरेखीखाली दिलेल्या औषधानं मुख्य लक्षणं कमी होतात, हे त्यात दिसलं.

औषधाबद्दल गैरसमज फार आहेत. मिथाइलफेनिडेट हे त्यातलं नेहमीचं औषध. ते गुंगीचं नव्हे, ब्रेकला जोर देणारं आहे. पण ते तज्ज्ञांच्या चिठ्ठीनंच मिळतं आणि तसंच मिळायला हवं. त्यानं भूक कमी होऊ शकते, झोप उशिरा येऊ शकते, म्हणून वजन-उंची, नाडी, रक्तदाब वेळोवेळी बघावा लागतो. मनानं सुरू करू नये, मनानं बंद करू नये. बुद्धी वाढवणाऱ्या बाटल्या आणि अंगारे-धुपारे यांवर पैसे घालवू नयेत. जोतिबाला नवस बोला, त्याला कोणाची ना नाही. पण डोंगर उतरल्यावर दवाखान्याची पायरी चढा.

वर्गात आणि रानात

नव्या खोंडाला जुवाखाली घालताना आपण शेजारी जुना, शिकलेला बैल जुंपतो. वर्गातही हेच करता येतं. या पोराला पुढच्या बाकावर, दार-खिडकीपासून लांब, शांत मुलाशेजारी बसवावं. दहा उदाहरणं एकदम न देता तीन-तीन द्यावीत. एका वेळी एकच गोष्ट सांगावी आणि ती त्याच्याकडून वदवून घ्यावी. वह्या वाटणं, घंटा देणं, पाणी आणणं अशी उठण्याची कामं त्यालाच द्यावीत, म्हणजे उठणं गुन्हा ठरत नाही. चांगलं केलं तर तिथल्या तिथं शाबासकी द्यावी. महिन्यानं दिलेलं बक्षीस या मुलांना पोचत नाही.

घरी अभ्यासाची वेळ आणि जागा ठरलेली असावी. दप्तर रात्रीच भरून दाराशी ठेवावं. आणि एक गोष्ट शेतकऱ्यांना हात जोडून सांगावीशी वाटते. अशा मुलांना अपघात इतरांपेक्षा जास्त होतात, हे अभ्यासांतून दिसलं आहे. कडबाकुट्टी, मोटारीची पेटी, बिनकठड्याची विहीर, चालू ट्रॅक्टर यांच्याजवळ या पोराला एकटं सोडू नका. गळीत हंगामात वाठारच्या रस्त्याला उसाच्या ट्रॉल्यांची रांग असते. सायकल घेऊन पळणारं पोर तेव्हा विचार करून थांबत नाही. त्याचा ब्रेक आपणच व्हायचं असतं.

कायदा कुठं पुरा, कुठं अपुरा

शिक्षण हक्क कायदा २००९ चा. त्याच्या कलम १७ नं शाळेत मारणं आणि मानसिक छळ दोन्ही बंद केलं आहे. आठवीपर्यंत मुलाला शाळेतून काढताही येत नाही. तेव्हा "दोन ठेवून द्या" हा सल्ला देणारा सदस्य गुरुजींना अडचणीत टाकत असतो, हे लक्षात असू द्या.

दिव्यांग हक्क कायदा २०१६ चा. आधीच्या १९९५ च्या कायद्यात सात प्रकार होते, यात एकवीस आले. अध्ययन अक्षमता आली, स्वमग्नता आली. अतिचंचलता मात्र त्या यादीत नावानं नाही. म्हणजे एका सरकारी कार्यक्रमाच्या यादीत ती आहे आणि प्रमाणपत्राच्या यादीत नाही. तपासायचं, पण तपासल्यावर हातात काय द्यायचं याचं उत्तर नाही! अतिचंचल मुलांपैकी बऱ्याच जणांना वाचन-लेखनाचीही अध्ययन अक्षमता असते. तिचं प्रमाणपत्र मिळालं तर दहावीच्या परीक्षेत जादा वेळ, लेखनिक अशा सवलती मिळतात. म्हणून दोन्हींची तपासणी एकदमच मागून घ्या. आणि आपल्या आमदार-खासदारांना हा प्रश्न विचारा, की यादीतली ही त्रुटी कधी दूर होणार?

"आमच्या वेळी असलं नव्हतं"

जुनी माणसं म्हणतील, "आमच्या वेळी असली थेरं नव्हती." पोरं तेव्हाही अशीच होती. फरक एवढाच, की तेव्हा शाळा सुटली तर रान होतं. अशी पोरं गुरामागं गेली, बैलगाडीवर गेली, त्यांच्या चपळाईला काम मिळालं. आता वाटण्या होऊन रान गुंठ्यांवर आलं. शाळा सुटलेल्या पोराला रान सामावून घेत नाही. दुसरे म्हणतील, "उगाच पोराला नाव कशाला चिकटवायचं?" नाव तर आपण आधीच चिकटवलं आहे. वांड, द्वाड, मठ्ठ, बिनकामाचं. त्यापेक्षा इलाजाकडं नेणारं नाव बरं.

राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ साली करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं. पोर शाळेत न धाडणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड ठेवला. पोर शाळेत आलंच पाहिजे, ही जबाबदारी त्या काळात राज्यानं घेतली. आज पोर शाळेत येतं, हजेरी लागते, पण बाकावर बसून त्याच्या पदरात काही पडत नाही. हे काम आता आपलं आहे.

सरपंच, ग्रामपंचायत अधिकारी, शाळा समितीचे अध्यक्ष, आशाताई, अंगणवाडीताई, पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर एक ओळ वाढवा. "अतिचंचल मुलांच्या नोंदी व पथकाकडे पाठपुरावा." ग्रामसभेत विचारा, की मागच्या तपासणीत किती मुलांना पुढं पाठवलं आणि त्यातली किती प्रत्यक्ष पोचली? एसटीच्या भाड्यापायी कोण थांबलं असेल तर गावानं त्याची सोय करावी. कोल्हापूर इथून काही लांब नाही. समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालकच असतात, तेव्हा हा विषय मांडायला कोणाच्या परवानगीची गरज नाही. आणि त्या बैठकीत कोणी पुन्हा "दोन ठेवून द्या" म्हणालं, तर त्याच्या पुढ्यात कोरा कागद ठेवा आणि त्या पोराबद्दल काय पाहिलं ते लिहायला सांगा.